भुंगा गेला, ढम कुठे गेला?

"थांबवा! थांबवा ते पिपाणीचं रडणं!"

निवृत्तीमास्तर पेटीवरून ओरडले आणि सातपूरच्या कॉलनीतल्या विहारात चाललेली गायन पार्टीची तालीम जागच्या जागी थबकली.

रडत होती ती पिपाणी नव्हती, सावळीरामकाकांची बास गिटार होती. चार जाड तारांची! ढम्म करून वाजली की ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलाव्यात, हे तिचं काम. आज काका बोटं मोडेस्तोवर तारा ओढत होते आणि स्पीकरच्या खोक्यातून निघत होतं काय? टिंव टिंव! त्यापेक्षा डासानं बरं गावं!

"मास्तर, तारा नव्या घातल्यात, तरी..." काका पुटपुटले.

"नाचता येईना अंगण वाकडं! कारखान्यात घण मारून मारून बोटांचे दगड झालेत तुझ्या. बुद्धजयंती तोंडावर आलीय, सावळीराम. मी मनमाडच्या पोराला सांगावा धाडतो. तू बस आता घरी!"

मास्तरांची जीभ म्हणजे बिनब्रेकची सायकल. समोर कोण आहे ते बघायचंच नाही! काकांनी गिटार खोळीत घातली, बुद्धमूर्तीला हात जोडले आणि ते निघून गेले.

मागे सतरंजीवर तिघं बसली होती. सातवी पास झालेली चंदा, तिचा धाकटा भाऊ पुंजा आणि सुट्टीला हरसूलहून आलेला आत्याचा गोरक्ष.

"चंदे, काका रडत व्हते का गं?" गोरक्षनं विचारलं.

"घाम होता तो!" चंदा फणकारली. पण ओढणीनं डोळे तिनंच पुसले.

पुंजाला टायफॉइड झाला तेव्हा त्याला सायकलवर घालून सिव्हिलला नेणारे हेच काका. चंदाला सायकल शिकवली तीही ह्यांनीच, आणि पडली तेव्हा हसले नाहीत. अशा माणसाचे उपकार 'थँक्यू' म्हणून फिटत नाहीत. त्याला हातपाय हलवावे लागतात!

तिघं काकांच्या घरी पोचली. गिटार खुंटीला लटकत होती.

"काका, एकदाच वाजवा ना! त्या खोक्याशिवाय, नुसतीच!"

"कशाला रे आता?" म्हणत काकांनी ती मांडीवर घेतली. गोरक्षनं सरळ लाकडाला कान लावला. काकांनी जाड तार छेडली मात्र, गोरक्ष उडालाच!

"आयव! लय भारी! डोक्यात ढोल वाजला!"

मग पुंजानं कान लावला, मग चंदानं. ढम होता! चांगला ठणठणीत होता!

"म्हणजे बोटं शाबूत, तारा शाबूत," चंदा म्हणाली. "ढम तारेपाशी आहे आणि खोक्यापाशी नाही. मधल्या मधे चोरला कुणी? काका, हिच्या पोटात कुणी हात घातला होता?"

"जयरामनं. मागे ही भुंग्यासारखी घूं घूं करायची, मास्तर वैतागायचे. जयरामनं भुंगा घालवून दिला. पण त्याला बोल लावू नका हं, पोरांनो. बिचाऱ्यानं आपला वेळ मोडून केलं."

गिटार घेऊन पोरं निघाली ती थेट जयराममामाच्या दुकानात. मामा विजेच्या मोटारी भरायचा. म्हणजे जळालेल्या मोटारीतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं काढून नवं घालायचा. हात चांगला होता त्याचा. तोंड मात्र हाताच्या दुप्पट!

"आली का टोळधाड! काय फोडायला आलात?"

"मामा," चंदानं साखर पेरली, "अख्ख्या सातपुरात कुणाला भुंगा घालवता आला नाही म्हणे, तुम्ही घालवलात. कसा हो?"

मामा फुगला. ताबडतोब चार स्क्रू काढून त्यानं गिटारचं पोट उघडलं. तारांखाली दोन काळ्या डब्या होत्या. "ह्या पिकअप. प्रत्येकीत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचं वेटोळं. वर तार हलली की वेटोळ्यात वीज, ती जाते खोक्याला. आता ही दोन वेटोळी कुण्या शहाण्यानं एकाच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात अशी जोडलेली. मी जोडली मोटारीसारखी! शेवटाला शेवट! आसपासच्या विजेची घूं घूं दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, उलटसुलट जोडली की एकमेकींना खाते. भुंगा खल्लास!"

"मोटारीत शेवटाला शेवट का जोडतात?"

"एवढंही कळत नाही? मोटारीत एक उत्तर ध्रुव, शेजारी दक्षिण, पुन्हा उत्तर. असे उलटसुलट ध्रुव लागतात. म्हणून वेटोळीही उलटसुलट!"

चंदा ओढणीचं टोक चावू लागली. ती टोक चावायला लागली की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

"पुंजा, सुई आण. आणि दोरा!"

पुंजा घरून आईच्या डब्यातली सुई घेऊन आला. चंदानं ती मामाच्या लोहचुंबकावर घासली आणि मधोमध दोरा बांधून पहिल्या डबीवर लोंबती धरली. सुईचं टोक झपकन खाली वळलं. दुसऱ्या डबीवर धरली. पुन्हा टोकच खाली!

"बघा मामा! मोटारीत उलटसुलट असतात, इथं दोन्ही चुंबकांची तोंडं एकसारखी! वेटोळं तेवढं तुम्ही उलटं केलंत. आता जाड तार हलली की एक डबी ढकलते आणि दुसरी ओढते. हाती उरलं काय?"

"टिंव टिंव!" पुंजा ओरडला.

"आमच्याकडं एका बैलाला म्होरं आन् एकाला मागं जुंपलं तर गाडी हलती व्हय?" गोरक्षनं विचारलं.

मामानं सुई स्वतः धरून पाहिली. टोक खालीच! पण हार मानेल तर तो जयराममामा कसला? "मग सोडवू का जोड? सोडवला तर भुंगा परत येईल, सांगून ठेवतो!"

"जोड सोडायचाच नाही!" चंदा टाळी वाजवून म्हणाली. "जोड मोटारीचा आहे ना? मग गिटारच मोटारीसारखी करू. एका डबीचं चुंबक उलटं करा!"

मामानं तिच्याकडे पाहिलं. डबीकडे पाहिलं. मग डबीखाली चिकटवलेली चुंबकाची कांडी पात्यानं अलगद सोडवली.

"वेटोळ्याला बोट लावू नका रे, तार तुटेल!" असं बजावत त्यानं कांडी पालथी करून पुन्हा चिकटवली. स्क्रू आवळले, दुकानातलं जुनं खोकं जोडलं. "छेड गं!"

ढम्म!

फळीवरचे स्क्रू थरथरले. भुंग्याचा मागमूस नाही!

"मामा, अजून एक," चंदा म्हणाली. "आपल्या पार्टीत गाणाऱ्या शकुबाई म्हणतात, त्यांच्या हळव्या गाण्यात हा ढम त्यांचा आवाज गिळतो. तेव्हा एक डबी निजवता येईल का?"

"त्यात काय? एका वेटोळ्याच्या दोन टोकांवर स्विच टाकू. दाबला की ते झोपलं, एकटी दुसरी वाजेल. बारीक, स्वच्छ. थोडा भुंगा ऐकू येईल, पण हळू वाजवलं की झालं." आणि मामानं खाटेच्या दिव्याचा बेड स्विच गिटारला बसवून दिला.

चार दिवसांनी तालमीला मास्तर आले, तर विहाराच्या कोपऱ्यात आडवं लुगडं बांधलेलं.

"हे काय?"

"मास्तर, आतला वाजवणारा लाजतोय," चंदा साळसूदपणे म्हणाली. "आधी ऐका, मग तोंड बघा."

शकुबाईंनी पाळणा धरला. पडद्यामागून मऊ सूर आला, नीट निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ. मग टक! मोठं गाणं सुरू झालं आणि असा ढम उठला की मास्तरांचा चष्मा नाकावर घसरला.

"वा रे पठ्ठ्या! मनमाडचं पाणीच वेगळं! बघा, ह्याला म्हणतात बोटं! सावळीरामला बोलवा, शिकू दे जरा!"

पुंजानं लुगडं ओढलं.

खुर्चीवर सावळीरामकाका बसले होते. मनमाडचा पोरगा अजून मनमाडलाच होता! मास्तरांनी त्याला लिहिलेलं कार्ड गोरक्षकडे दिलं होतं, ते त्यानं अजून टपालपेटीत टाकलंच नव्हतं.

सगळी पार्टी हसत सुटली. मास्तर मात्र हसले नाहीत. ते उठले, काकांपाशी गेले आणि त्यांची राठ बोटं स्वतःच्या हातात घेतली. "सावळीराम, कान माझे बिघडले होते. तुझी जागा तुझीच. मला माफ कर."

बुद्धजयंतीला मैदान भरलं. वणीपासून माणसं आली होती. काकांच्या बासवर म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही ठेका धरला. गाणी संपल्यावर मास्तरांनी तिन्ही पोरांना स्टेजवर उभं केलं. "ही पोरं नसती तर मी सोन्यासारखा माणूस दारातून घालवला असता!"

टाळ्या थांबेनात. काकांनी माईक घेतला. बोलायची त्यांना सवय नव्हती.

"पोरांनो, तुमचे उपकार मी काय सांगू! आणि जयराम, तुझेही. तुझा जोड अजून आत तसाच आहे, म्हणून भुंगा गेलाय."

खाली गर्दीत जयराममामा, ज्याचं तोंड कधी मिटायचं नाही, तो खाली मान घालून उपरण्यानं डोळे पुसत होता.

काकांनी चंदाला जवळ ओढलं, गिटारचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवला आणि तिचं बोट सगळ्यात जाड तारेवर ठेवलं.

"पुढचं गाणं सोपं आहे. माझ्याकडे बघ आणि वाजव!"