तिसरी पिन

पटलं तर पटलं, नाहीतर पान उलटा आणि दुसरं काहीतरी वाचा. मी कोणाला पटवायला बसलो नाहीये.

हे खरं आहे. ज्याच्यासोबत झालं तो साईराज आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. मीरा रोड, सिल्व्हर पार्क, दुसरा माळा. मागच्याच दसऱ्याची गोष्ट, २००६ ची.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, लाइट पण गेली नव्हती.

सगळं भर दिवसा झालं... खाली पोरं क्रिकेट खेळत असताना.

साईराज सतरा वर्षांचा. नववीत सरांशी भांडला आणि दप्तर वर्गातच टाकून घरी आला, तो परत गेलाच नाही. राग नाकावर. पण नजर अशी तेज की मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर दरवाज्यातून ओळखेल. कॉम्प्युटर जोडायचं वेड होतं त्याला. एकाकडून जुनी रॅम, दुसऱ्याकडून फुटका मॉनिटर, लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून हार्ड डिस्क. घरात पलंगाखाली पाय ठेवायला जागा नव्हती.

त्याचे पप्पा महिपत. हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात प्रेस मशीनवर कामाला. त्या मशीनने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली होती.

तोच हात नाचवत त्यांनी सांगितलं, "दसऱ्यापर्यंत तुझा डबा चालू करून दाखव. नाय झाला तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यासोबत गाळ्यावर."

"आणि झाला तर?"

"तर मी परत गाळ्याचं नाव काढणार नाय."

साईराजला त्या प्रेस मशीनची भीती वाटायची. तोंडाने कधी बोलला नाही. पण जेवताना पप्पांचा हात समोर आला की तो ताटात बघायचा.

सगळे पार्ट झाले होते. फक्त कॅबिनेट आणि त्यातला पॉवर सप्लाय बाकी होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच तो हाटकेशला जाहिद भंगारवाल्याकडे गेला. कोपऱ्यात एक पांढरट कॅबिनेट पडलेलं. पॉवर सप्लाय आत होता. वायर पण वरच गुंडाळलेली.

"ये दे दे."

जाहिदने बघितलं. मग पायाने ढकलत ढकलत ते पुढे आणलं.

"हाथ से दे ना. फुटबॉल है क्या?"

"तू उठा ना, हीरो. तेरे को चाहिए."

साईराजला ते खटकलं. या माणसाला गंजलेल्या पत्र्यात हात घालायला काही वाटत नाही... आणि या डब्याला तो बोट लावत नव्हता.

पण उद्या दसरा होता. त्याने उचललं आणि निघाला.

घरी आल्यावर नीट बघितलं. पुढच्या बाजूला जुनं कुंकू होतं. दसऱ्याला मशीनला लावतात तसं. पण बोटभर टिकली नव्हती.

पाच बोटं होती. वरून खाली... ओढत नेलेली.

आणि वायरची तिसरी पिन तोडलेली. अर्थिंगची, ती मोठी गोल असते ना, ती. शॉक लागू नये म्हणून असते. पण एक्स्टेंशन बोर्डला तिसरं भोक नसलं की लोक पकडीने मोडून टाकतात. आमच्याकडे अर्ध्या घरात मोडलेली सापडेल.

साईराजच्या बोर्डलाही तिसरं भोक नव्हतं. तो म्हणाला, बरं झालं, माझं काम वाचलं.

दुपारी आई, म्हणजे आनंदीकाकी, खाली दळण आणायला गेली. पप्पा गाळ्यावर. घरात साईराज आणि त्याची तिसरीतली बहीण समिधा. ती पलंगावर पाय हलवत बसलेली.

त्याने पेट्रोलच्या फडक्याने कुंकू पुसलं. साफ निघालं.

स्क्रू घेऊन वळला...

कुंकू परत होतं.

"चायला, रंग कसला वापरलाय," असं म्हणून त्याने परत पुसलं. मग नाद सोडला.

मदरबोर्ड बसवला. वायरी जोडल्या. बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला, स्क्रीनवर अक्षरं आली. त्याने कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावून बघितली. हातात झिणझिण्या आल्या. अर्थिंग नसलं की एवढं होतंच, म्हणून तर तो घरात पण रबरी चप्पल घालून काम करायचा. आई रोज बोंबलायची, तरी.

त्याने प्लग काढून बाजूला ठेवला आणि मागचा स्क्रू घट्ट करायला घेतला.

घर्रर्र...

पंखा चालू होता.

त्याने प्लगकडे बघितलं. लादीवर पडला होता, त्याच्या गुडघ्यापाशी.

साईराजने टेस्टर घेतला आणि कॅबिनेटला लावला.

टेस्टरचा दिवा पेटला... भक्क लाल.

खालच्या पोरांचा आवाज येत नव्हता. कुकरची शिट्टी नाही, कोणाचा टीव्ही नाही. फक्त तो पंखा.

"दादा," समिधा म्हणाली, "आत कोण आहे?"

"कोण असणार? पंखा आहे."

"नाही. तो बोलतोय. तो म्हणतोय, चप्पल काढ."

"सम्या, कानाखाली देईन हां."

"मला नाही, तुला सांगतोय." ती चिडली. "सारखं तेच म्हणतोय. चप्पल काढ, हात दे. चप्पल काढ, हात दे."

पंखा थांबला.

आणि लगेच खालून कोणीतरी ओरडलं, "आऊट!"

कोणीही त्याच वेळी तो डबा खिडकीतून फेकला असता. साईराजच्या पण मनात आलं. पण गाळा आठवला. प्रेस मशीन आठवलं. तो स्वतःलाच म्हणाला, कपॅसिटरमध्ये करंट राहतो थोडा वेळ.

टेस्टर पेटेल एवढा नाही राहत. हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं.

संध्याकाळी पप्पा आले. साईराजने चालू करून दाखवलं. विंडोज उघडलं, गाणं लावलं. पप्पांनी वाकून स्क्रीन बघितली. मग म्हणाले, "चालतोय की रे, मेल्या."

बस. साईराज जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. पाटावर आईचं शिलाई मशीन, पप्पांचे पाने, विळी, सगळं मांडलं. या वर्षी सगळ्यात आधी कॉम्प्युटर. आईनेच ठरवलं होतं. बिल्डिंगमधल्या बायकांना सांगून आली होती, आमच्या सायाने घरी बनवला म्हणून.

साईराजने स्वतःच्या हाताने प्लग काढला. वायर गुंडाळून लांब ठेवली. तरी तो दारापाशीच उभा राहिला.

आनंदीकाकी नुकतीच न्हाऊन आलेली. केसांतून पाणी गळतंय, पाय ओले. वाटीत पाण्यात कालवलेलं कुंकू.

"साया, चप्पल काढ रे. पूजा आहे."

तो आईकडे बघतच राहिला.

"काय बघतोस? चप्पल काढ म्हणते ना!"

"काढ ना रे," पप्पा पण म्हणाले.

त्याने एक काढली. दुसरी काढायला वाकला...

घर्रर्र...

बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. पप्पा झेंडूची फुलं सारखी करत होते. आईने कुंकवात बोट बुडवलं.

समिधा हळूच म्हणाली, "आई, तो म्हणतोय एका बोटाने नको. अख्खा हात लाव."

आणि आनंदीकाकीने... काही न विचारता... झोपेतल्यासारखा अख्खा पंजा कुंकवात बुडवला. हात पुढे केला. बरोबर त्या जुन्या पाच बोटांच्या समोर.

कॅबिनेटचा हिरवा लाइट लागला.

साईराजने लाथ मारली. ज्या पायात चप्पल होती, त्याच पायाने.

डबा भिंतीवर आपटला. मॉनिटर ओढला गेला, खाली पडून फुटला. कुंकू सगळीकडे. पूजेचा दिवा विझला. आई मटकन खाली बसली.

पप्पांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्या तीन बोटांच्या हाताने.

"दसऱ्याला लाथ मारतोस? चप्पल घालून? आईच्या अंगावर जातोस?"

"पप्पा, तो चालू होता! प्लग बघा, प्लग!"

"उद्यापासून गाळ्यावर. एक शब्द बोललास तर घरात घेणार नाय."

साईराज एक शब्द बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

सगळे उठून गेल्यावर त्याने पायातली चप्पल काढून उलटी केली. तळाला रबर वितळलं होतं.

पाच ठिकाणी... बोटांच्या टोकांएवढं.

ती चप्पल मी बघितली आहे. हातात घेऊन बघितली आहे.

त्याच दुपारी कॅबिनेट गोणीत घालून तो जाहिदकडे गेला. जाहिद गोणी बघूनच उठला.

"वापस नहीं लूँगा."

"किसका था ये?"

जाहिद इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भायंदर में एक डीटीपीवाला था. पिछले दशहरे को पूजा करते करते चिपक गया. नहाके आया था, नंगे पाँव. बस, इतनाच मालूम है."

"तोड़ डाल इसको. मेरे सामने तोड़."

"तोड़ता हूँ, बाबा. तू जा. आज त्योहार है."

साईराजने दोन शिव्या घातल्या, पण थांबला नाही. घरी आई तापाने फणफणली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो गाळ्यावर. प्रेस मशीनवर, पप्पांच्या शेजारी. आवडत नाही, पण जातोय. आई ठणठणीत आहे, मग चालेल, असं म्हणायचा.

मग दिवाळीची सुट्टी संपली.

समिधा शाळेतून उड्या मारत आली. "दादा, आमच्या शाळेत कॉम्प्युटर रूम झाली! खूप कॉम्प्युटर आहेत. धूळ जाते म्हणून बूट बाहेर काढून आत जायचं असतं."

साईराजने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी खाडा करून तो शाळेत गेला. तीच शाळा, जी त्याने सोडली होती. रूमच्या बाहेर बुटांची रांग. खिडकीतून बघितलं. मागच्या ओळीत, भिंतीला लागून... पांढरट कॅबिनेट. एका बाजूने चेपलेलं.

कुंकू तसंच.

तो आत घुसला. मॅडमना म्हणाला, ते बंद करा, मुलांना हात लावू देऊ नका.

मॅडमनी त्याला ओळखलं. "तू नववीतून पळालेला ना? आता तू शिकवणार आम्हाला?"

त्याचा आवाज चढला. मग शिव्या निघाल्या. वॉचमनने कॉलर धरून गेटच्या बाहेर काढला. जाहिदला विचारलं तर म्हणतो, लॉट में गया, मेरे को क्या मालूम.

तेव्हापासून साईराजने समिधाला स्वतःची शपथ घातली आहे. काही झालं तरी त्या रूमसाठी बूट काढायचे नाहीत. म्हणून कॉम्प्युटरच्या तासाला ती बाहेर उभी असते. शिक्षा म्हणून. बूट घालून, बाकीच्यांच्या बुटांच्या रांगेशेजारी.

बाकी मुलांना अजून काहीच झालेलं नाही. ती म्हणते, तो त्यांच्याशी बोलतच नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. साईराज नुकताच गाळ्यावरून आलेला. समिधा दारात बसून बुटाची नाडी सोडत होती. सोडायची, बांधायची. सोडायची, बांधायची.

"दादा," ती म्हणाली, "सगळे हसतात रे मला. एकदाच काढू का बूट?"

साईराज खाली बसला आणि तिची नाडी घट्ट बांधायला लागला.

"फक्त एकदा," ती म्हणाली. "तो पण म्हणतोय, एकदाच."