विल्कॉक्स साहेबाच्या कोठीचं दार

हे खरं घडलेलं आहे.

हसायचं असेल त्यांनी हसावं. पण ज्यांच्या तोंडून मी हे ऐकलं, त्या माझ्या आत्तेसासूबाई अनसूयाबाई जपाची माळ हातात असताना खोटं बोलत नसत. आणि ही हकिकत त्यांनी माळ हातात धरूनच सांगितली.

रात्र नव्हती. ऐन दुपार होती.

साल एकोणीसशे एकतीस, वैशाख महिना, गाव सोलापूर. इथला वैशाख ज्यांनी सोसलाय त्यांना काय सांगायचं... दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

स्टेशनच्या अंगाला, वस्तीपासून बाजूला, कडुनिंबाच्या झाडांत एक बंगला होता. तिथं विल्कॉक्स नावाचा अमेरिकन मिशनरी राहायचा. सोबत मडम आणि चार वर्षांची ग्रेस. थोरली मुलगी एडी आदल्या उन्हाळ्यात वारली होती.

मी त्या माणसाला अहो-जाहो करणार नाही. का, ते पुढं कळेल. देव मला क्षमा करो.

साहेब बाजारात पेटीवर उभा राहून प्रवचन द्यायचा. कसं मराठी! "प्रिय बंधुजनहो, ईश्वरास सर्व लेकरे समान आहेत." गोऱ्याच्या तोंडून इतकी शुद्ध भाषा... लोक तीच ऐकायला जमायचे.

आणि घरी? घरी पोटच्या मुलींना मराठीचा एक शब्द उच्चारायची बंदी! ती नोकरांची भाषा. लेकरं समान, ती पेटीवर. पेटीवरून उतरलं की तेही तिथंच ठेवायचं.

अनसूयाबाई तेव्हा तरुण होत्या. विधवा, शिकलेल्या. मडमेला मराठी शिकवायला त्या बंगल्यावर जायच्या. साहेबाला वाटलं, बायको धर्मकार्यासाठी शिकते आहे.

पहिल्या दिवशी मडमेनं पुस्तक उघडलंच नाही.

"बाई, मी आवाज बोलते," ती मोडकं मोडकं म्हणाली. "तू अर्थ सांग."

मग डोळे मिटून तिनं एकेक शब्द काढला, जपून ठेवलेल्या चिजेसारखा.

"देव... हितंच हाय. मला... भ्या न्हाय."

अनसूयाबाईंना हसूच आलं. "अगंबाई! हे तर तुमच्या चंद्रव्वाचं मराठी. कुणी शिकवलं?"

"अर्थ," मडम म्हणाली.

"देव इथंच आहे. मला भीती वाटत नाही."

मडमेचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी बाहेर आलीच नाही.

पडवीत चंद्रव्वा तांदूळ निवडत बसली होती. अक्कलकोटकडची बाई. ख्रिस्ती झालेली, आणि मनापासून झालेली. तिची भक्ती मी मानते. तीच दोन्ही मुलींची आया.

"काय गं चंद्रव्वा, मी काय वावगं बोलले का?"

"न्हाय की बाई." चंद्रव्वानं इकडं तिकडं पाहिलं. "तुमी आज सांगितलासा, आन् तिला आज कळलं. वरीस झालं, तेवढंच घोकत हुती. मला इचारलं हुतं, पर माज्याच्यानं सांगवंना."

मग तिनं सगळं सांगितलं.

त्या घरात एक रीत होती. दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांनी टेबलाभोवती हात धरून बसायचं आणि थोरापासून धाकट्यापर्यंत एकेकानं देवाचं वचन म्हणायचं. इंग्रजीत. पाठ. चुकलं तर ताट नाही.

एडी सात वर्षांची. तिची पाळी आली, आणि वचन आठवेना. म्हणून पोरीनं मनानंच रचून म्हटलं, चंद्रव्वाच्या बोलीत. देव हितंच हाय, मला भ्या न्हाय.

साहेबाला वाटलं, पोर देवाची थट्टा करते आहे. त्यानं तिला सामानाच्या कोठीत घातलं. वर पत्रा. बाहेरून कडी. मी येईपर्यंत कुणी उघडायचं नाही, असं बजावून तो बाजारात गेला... लेकरं समान असतात ते सांगायला.

आतून पोर तेच तेच म्हणत होती. मडम दाराशी बसून ऐकत होती. अर्थ कळत नव्हता. आणि नवऱ्याचा शब्द मोडायची छाती नव्हती.

"आन् तू गं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"मी कडीला हात लावला की वो! मडमनंच माजा हात धरला." चंद्रव्वानं पदर तोंडात कोंबला.

दिवेलागणीला कडी निघाली. पोर तापानं फणफणलेली. उजाडायच्या आत गेली.

साहेब रडला नाही. रविवारी त्यानं आज्ञापालनावर प्रवचन दिलं म्हणे. चंद्रव्वाला ताकीद मिळाली, धाकटीशी एक अक्षर बोलायचं नाही, मुकाट्यानं काम करायचं. त्यामुळं ग्रेसला मराठी अजिबात येत नव्हतं.

हे नीट ध्यानात ठेवा.

वैशाखात एके दिवशी धडा लांबला. जेवणवेळ झाली. अनसूयाबाई पडवीत ऊन उतरायची वाट बघत थांबल्या. आत प्रार्थना सुरू झाली.

साहेबाचं वचन झालं.

मडमेचं झालं.

आता ग्रेसची पाळी. पण ग्रेस गप्प होती. जणू तिच्या आधी अजून कुणाचं तरी राहिलंय...

आणि मग कोठीकडून आवाज आला.

बारीक. कोरड्या घशाचा.

"देव हितंच हाय... मला भ्या न्हाय..."

चंद्रव्वाच्या हातातलं तांदळाचं सूप पडलं. "यव्वा! ऐकलासा का बाई?"

अनसूयाबाईंनी नुसती मान हलवली.

आत ग्रेस खुदकन हसली आणि तिनं आपलं वचन म्हटलं. साहेबानं "आमेन" म्हणून चमचा उचलला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. ग्रेस जेवण टाकून कोठीच्या दाराशी जाऊन बसायची. दाराला कान लावायची. दिवसेंदिवस सुकत चालली. मडम हात जोडून म्हणू लागली, मला पोरीला घेऊन मायदेशी जाऊ द्या. एक गेली, ही तरी वाचू द्या.

"रजेला अवधी आहे," साहेब म्हणायचा. "देवानं नेमलेली जागा सोडून पळायचं? एका भासासाठी?"

शेवटी मडमेनं अनसूयाबाईंना पुढं केलं. "या बाईनं ऐकलं आहे. विचारा."

खरं बोलावं तर शिकवणी जाणार. पण अनसूयाबाई म्हणाल्या, "ऐकलंय, साहेब. एकदा नाही, रोज."

साहेब हसला. तसं हसू त्यांनी जन्मात पुन्हा पाहिलं नाही.

"बाई, आपण झाडास दोरे गुंडाळता, दगडास स्नान घालता. आपणास काय ऐकू येणार नाही!"

अनसूयाबाईंनी खालमानेनं ऐकून घेतलं. मनात मात्र म्हणाल्या, दगड बरा. दगडानं कुणाचं लेकरू कोंडलेलं नाही.

"मी आत्ताच भ्रम दूर करतो," साहेब म्हणाला.

आणि त्यानं ग्रेसला उचललं... कोठीत ठेवलं... आणि बाहेरून कडी घातली.

मडम किंचाळली. साहेबानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "ऐक. काही नाही आत. ऐक!"

पत्रा तडतडत होता.

आत ग्रेस रडत होती.

मग एकाएकी रडं थांबलं.

आणि आत दोघीजणी बोलू लागल्या...

हलक्या आवाजात. एक विचारत होती, दुसरी सांगत होती. मधेच हसत होत्या. साहेब तसाच उभा. कपाळावर आठीसुद्धा नाही.

तेव्हा मात्र मडम त्याच्या हाताला कडकडून चावली. तो कळवळला, तशी तिनं झेप घेऊन कडी काढली.

ग्रेस ट्रंकेवर शांत बसली होती. आत भट्टीसारखी धग होती, पण पोरीचे हात माठातल्या पाण्यासारखे गार. बाजूला तिच्याएवढी जागा रिकामी सोडलेली.

ती बापाकडं बघून बोलली. मराठीत. ज्या पोरीला त्या भाषेचा शब्द येत नव्हता, ती बोलली...

"ताई म्हणती, रडू नगं. पप्पांना आवडत न्हाय."

मडमेनं सामान बांधलं नाही की निरोप घेतला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी, पोरीला छातीशी धरून, चंद्रव्वाला बरोबर घेऊन तिनं स्टेशन गाठलं. संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीत बसली ती पुन्हा आली नाही. ग्रेस पुढं वाढली, तिचं लग्न झालं, असं बऱ्याच वर्षांनी चंद्रव्वा परत आली तेव्हा कळलं. एवढं एक देवानं बरं केलं.

साहेब एकटाच राहिला.

काही दिवसांनी अनसूयाबाई आपली राहिलेली पुस्तकं आणायला गेल्या. दुपारच होती. साहेब कोठीसमोर उभा होता. दाढी वाढलेली. दार सताड उघडं.

"बाई," तो म्हणाला. "ती बोलते काय?"

अनसूयाबाईंना ऐकू येत होतं. अगदी स्पष्ट. त्याच्या कोपरापाशी.

"पप्पा... म्हणू का?... पप्पा, म्हणू का?"

"बोलते की," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारीच उभी आहे. तुमची परवानगी मागते आहे. 'म्हण' म्हणा, साहेब. तिच्या भाषेत. एवढं म्हणा, पोर सुटेल."

त्याचे ओठ हलले. एवढी प्रवचनं झोडलेले ओठ! दोन अक्षरांचा शब्द... आता म्हणेल, मग म्हणेल...

साहेबानं दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

"या गृहात काही नाही," तो म्हणाला. पेटीवरच्या आवाजात.

अनसूयाबाई पुस्तकं न घेताच निघाल्या. फाटकापर्यंत मागून पोर विचारतच होती.

पाऊस सुरू व्हायच्या आत साहेब वारला. तसाच सापडला. दाराला पाठ लावून बसलेला. भूत नसतं म्हणणाऱ्याचं काय होतं, ते आता ऐका.

पुढं त्या बंगल्यात दुसरं कुटुंब आलं. भली माणसं होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुतार बोलावून कोठीची कडी उपटून टाकली. सुतार आत फळ्या ठोकत होता. दुपार झाली. तो बाहेर यायला निघाला...

दार उघडेना.

कडी नाही, कुलूप नाही. आतून त्यानं खांदा लावला. दार इंचभर हलायचं आणि परत मिटायचं. जसं बाहेरून कुणी अंगाचा भार टाकून उभं आहे.

बाहेरच्या माणसांना तिथं कुणीच दिसत नव्हतं.

ऊन उतरलं तसं दार आपोआप उघडलं. सुतार पांढरा पडला होता. त्यानं एवढंच विचारलं, "आत माज्या मागं उभी हुती, ती पोरगी कुनाची?"

मी रोज संध्याकाळी देवापाशी तिच्यासाठी हात जोडते. तिनं कुणाच्या देवाकडं जायचं, मला माहीत नाही. पण दुपारच्या वेळी दार नुसतं अडकलं तरी मी आधी हाक मारते... आत कोण आहे?

उत्तर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.