बांधावरची विहीर

खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी आप्पासाहेबांच्या रानात अजून ज्वारी डुलत होती. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या, बद्रीनाथच्या, रानामधल्या बांधावर वडिलांनी खोदलेली विहीर होती. बद्रीनाथने आपलं रान बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. विहीर त्याच्या हद्दीत निघाली, तर ती बुजणार. म्हणून आप्पासाहेबांनी मोजणी बोलावली. भावाशी बोलणं केव्हाच तुटलं होतं.

मोजणीदाराने आप्पासाहेबांच्या हद्दीच्या दगडापासून टेप धरली. विहीर आप्पासाहेबांची निघाली.

"साहेब, त्यांना सांगा, आता माझ्या दगडापासनं धरायची," बद्रीनाथ म्हणाला.

तिकडून धरली. विहीर बद्रीनाथची निघाली.

मोजणीदाराने चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. तेच.

"दोन्ही मोजण्या बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "विहीर कुणीकडे, हे अजून ठरलेलंच नाही असं दिसतंय."

"म्हंजे? तिला काय पाय फुटलेत?" आप्पासाहेब करवादले. "साहेब, त्यांना सांगा, दोन्हीकडनं एकदमच मोजू."

दोघा भावांनी एकेक टेप आपापल्या दगडाला अडकवली आणि विहिरीकडे चालू लागले.

आप्पासाहेब काठावर पोचले. समोरचा काठ रिकामा होता. मागे मोजणीदारही नव्हता. ज्वारीवरची पाखरं गप्प झाली होती.

"बद्री!"

"दादा, कुठं हायस? मी काठावरच हाय. तू दिसंना." आवाज अगदी समोरून आला.

"टेप टाक!"

"टाकली तर विहीर तुझी हुईल."

"बद्री!"

या वेळी ओ लांबून आली. पुढची त्याहून लांबून.

आप्पासाहेबांनी हातातली टेप पाण्यात सोडली. "घे तुला विहीर. बुजव. पण ये."

डुबुक आवाज झाला. लगेच दुसरा.

बद्रीनाथ समोर उभा होता. घामाने निथळत, रिकाम्या हातांनी.

"न्हाय बुजवत," तो म्हणाला. "बिल्डरला सांगून येतो. वहिनीला च्या ठेवायला सांग."

तो रस्त्याकडे निघाला. मोजणीदार मागून ओरडत होता, "अहो, माझ्या टेपा?"

आप्पासाहेबांना कितीतरी दिवसांनी हसू आलं. टेपा दिसतात का बघायला ते विहिरीत वाकले.

वर, पाठमोरा बद्री रस्त्याला लागला होता.

खाली पाण्यात, आप्पासाहेबांच्या प्रतिबिंबाच्या जागी, बद्री त्यांच्याकडे बघून हसत होता.