ढवळीचे फोटो

"फोटूवर इसंबू नगंस. मुकं जनावर देतीस, त्या दारात जाऊन ये आधी," सासूबाई म्हणाल्या होत्या. साधनाने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

"आत्या, संस्था आहे ती. घर बघूनच देतात."

द्यायची हौस कुणाला होती? पण धाकट्याला दम लागायचा, आणि डॉक्टरांनी घरच्या कुत्रीच्या, ढवळीच्या केसांवर बोट ठेवलं. भोरमध्ये प्रांजल नावाची मुलगी अनाथ कुत्र्यांना घरं शोधून देते, असं कळलं. पहिल्या पावसानंतर थोरल्या ओवीने आपली लाल फीत ढवळीच्या गळ्यात बांधली आणि साधना तिला प्रांजलच्या शेडवर घेऊन गेली.

शेडच्या खुंटीला चामडी पट्टे लटकत होते. बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे निघालेले. एकाचे खिळे वाकलेले, एकाचं चामडं चघळल्यासारखं.

"हे कशाला गं?"

"कुणीतरी आणून टाकलेत," प्रांजल म्हणाली. "उत्रोलीचे सोमनाथकाका नेतायत हिला. शेतावरचं घर, मोकळी हवा. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

मग फोटो येत राहिले. प्रांजलच्या मोबाईलवरून, 'काकांनी पाठवलाय' असं खाली लिहून. ढवळी बसलेली, ढवळी उभी, ढवळी जीभ काढून. ओवी प्रत्येक फोटोचा पापा घ्यायची.

दिवाळीत आलेल्या फोटोवर तिने चकलीची तेलकट बोटं उमटवली. साधना काच पुसायला गेली आणि फोटो मोठा झाला. ढवळीच्या मागे खाचर होतं. खाचरात भाताचं रोप. वीतभर, पोपटी, लावणीआधीचं.

साधनाचा हात थांबला.

कालच ती माहेरून आली होती. वाटेत जिकडेतिकडे भाताची कापणी, बांधावर भारे. दिवाळीत रोप आलं कुठून? तिने जुने फोटो काढले. प्रत्येकात तेच रोप. आणि गळ्यातली लाल फीत? अख्खा पावसाळा काढूनही कोरी करकरीत.

सगळे फोटो एकाच दिवसाचे होते. मग बाकीचे दिवस ढवळी होती कुठे?

धाकट्याला सासूबाईंच्या मांडीवर देऊन तिने गाडीला किक मारली.

उत्रोलीत सोमनाथकाका अंगणात भारे रचत होते.

"काका, ढवळी कुठंय?"

"आत्ता हितंच व्हती. गेली आसंल वढ्याला."

"फोटो छान काढता हं तुम्ही."

"तर! पोरीवानी जपतो तिला."

"कशानं काढता?"

काकांनी खिशातून मोबाईल काढला, आणि काढल्याकाढल्या परत आत सारायला बघितला. बटणांचा होता, कॅमेरा नसलेला.

"ह्यानं?"

काका भाऱ्याकडे बघत राहिले. दारातून त्यांची बायको, रतनबाई, कडाडली. "सांगून टाका की! सणासुदीला खोटं कशापाई? ताई, दोन राती बी न्हाई राहिली ती. माझी कोंबडी धरली. मग प्रांजलताईंनाच बोलावलं, त्या घेऊन गेल्या. वर म्हणल्या, कुणी इचारलं तर हितंच हाय म्हणा, ल्हान पोरीचा जीव हाय तिच्यात."

"कुठे नेली?"

"वेल्ह्याच्या टेम्पोत चढवली. म्होरलं म्हाईत न्हाई, बया."

साधना शेडवर पोचली तेव्हा प्रांजल परातीत भाकरी कुस्करत होती. साधना सरळ खुंटीपाशी गेली. सगळ्यात वरचा पट्टा तिने काढून घेतला. एका खिळ्याच्या मुळाशी लाल दोरे अडकले होते. फितीचे.

"फोटो तूच काढलेस," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी, उत्रोलीत. काकांच्या मोबाईलला कॅमेराच नाही. एकेक करून मला पाठवत राहिलीस. ढवळी मात्र डोंगरात, शेळ्या कोंडायच्या वाडग्यावर गेली."

"काहीतरी बोलू नकोस."

"असा पट्टा गावातलं कुत्रं घालत नाही. वाडग्यावरचं घालतं, बिबट्याला गळा धरता येऊ नये म्हणून. माहेरी बघितलेत मी. इथे बघून तेव्हाच ओळखायला हवे होते. आणि कुत्रं जिवंत असेपर्यंत पट्टा गळ्यातून निघत नाही. ते गेलं की मालक नवं मागायला येतो, आणि पट्टा ठेवून जातो. पुढच्यासाठी. खुंटीवर किती आहेत, मोजलेस कधी?"

प्रांजलने परात खाली ठेवली. "राखणीला दिली मी. पोटभर खाईल म्हणून."

"राखणीचं कुत्रं कळपात जन्मतं. ढवळी ओवीच्या गोधडीत वाढली. कुणाकडे दिलीस? फोन लाव."

पलीकडे रायबा होते, शेळ्या राखणारे.

"ताई, त्या म्हणल्या राखणीचं हाय, म्हनून घेतली. पट्टा घातला, काट्याच्या कुपाबाहीर बांधली. पर ती भुकायचीच न्हाई वो. कुणीबी आलं की शेपूट हलवायची. सकाळी नुसता पट्टा गावला साखळीला."

साधनाने फोन बंद केला.

"मग काय करायचं होतं मी?" प्रांजल ओरडली. "फोटो थांबले असते तर लोकांनी इथे आणायच्या ऐवजी पोत्यात घालून घाटात सोडली असती कुत्री. सोडतातच. ह्यातलं एक तरी नेतेस घरी? ने ना!"

आवाजाने शेडमधली सगळी कुत्री उठून जाळीशी आली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. फटाक्यांच्या धुराने धाकट्याला दम लागला होता.

ती गाडीकडे धावली. मागून प्रांजलचा आवाज आला, आता अगदी बारीक.

"पिंगळ्या म्हणून एक कुत्रा होता, कान पडलेला. त्यालाही तिकडेच दिलंय. गेल्या आठवड्यात. रायबांच्या पलीकडच्या वाडग्यावर. तिथल्या माणसाचा फोन लागत नाहीये."

धाकटा अजून दवाखान्यात आहे. साधना त्याच्या उशाशी बसून, प्रांजलकडून घेतलेला त्या वाडग्याचा नंबर लावत राहते. लागत नाही. घरी ओवी जुन्या फोटोंचे पापे घेते. तिला सांगायचं कुणी?

तुम्ही वेल्ह्याकडच्या डोंगरात जाणार असाल, तर एक करा. एखाद्या वाडग्याच्या कुपाबाहेर एक कान पडलेलं, पिवळट रंगाचं कुत्रं बांधलेलं असेल. तुम्हाला बघून ते भुंकणार नाही. शेपूट हलवेल. ते आहे का, तेवढं बघा. फोटो नका पाठवू. जवळ जाऊन, हात लावून बघा.