दादाच्या हातचा सांधा

लिफ्ट बंद होती म्हणून त्यांची गाठ पडली. जिन्याच्या वळणावर एक उंच तरुण पाठीवर गिटार अडकवून, भलामोठा अँप्लिफायर पोटाशी धरून धापा टाकत उभा होता, तिची वाट अडवून.

"अहो, एक तर वर जा नाहीतर खाली या. जिन्यात संसार थाटू नका."

"संसाराला दोन माणसं लागतात," तो म्हणाला. "दुसरं टोक धरता का?"

तिने धरलं. वर दुरुस्तीच्या दुकानाशी आल्यावर त्याने विचारलं, "इथले ते म्हातारे कारागीर...?"

"माझे बाबा. त्यांची नजर अधू झालीय. आता मी बघते."

तिने कुलूप उघडलं. तो ओशाळून हसला, पण डोळे हसले नाहीत. ते तिला तेव्हाच दिसलं.

अँप्लिफायर जुना, ट्यूबांचा. त्यात दोन चॅनल. एकात गिटार स्वच्छ, मोकळी वाजे; पायाशी ठेवलेलं बटण दाबलं की दुसऱ्यात जाऊन वाघासारखी गुरगुरे. पण हल्ली यंत्र तापलं की दुसऱ्या चॅनलवर जायचं नावच घेईना.

"एकांकडे नेला होता. त्यांनी ट्यूबा बदलल्या."

"डोकं दुखतं म्हणून टोपी बदलली म्हणायची!"

या वेळी डोळेही हसले... जरासे.

तिने पायाचं बटण काढून नुसत्या वायरीने जोडून पाहिलं. तरी तेच. म्हणजे बटण निर्दोष. आत आवाजाची वाट बदलणारी छोटी डबी असते, रिले. वाट बदलताना ती 'टक' करते. यंत्र थंड होतं तोवर टक येत होती. आता तापेपर्यंत थांबणं आलं. दोघं स्टुलांवर बसले. ट्यूबांचा नारिंगी उजेड त्याच्या हनुवटीवर पडला आणि ती उगाचच पक्कड पुसू लागली.

"कोणाचा हा?"

"दादाचा. स्वच्छ चॅनल मला द्यायचा, गुरगुरणारा स्वतःकडे. म्हणायचा, तू अजून लहान आहेस." तो थांबला. "हिवाळ्यात गेला तो. आई म्हणते, त्याचा तो आवाज एकदा घरात येऊ दे..."

टक बंद झाली. ती उठली. एक हात पाठीशी घेऊन दुसऱ्या हाताने ती लाकडी काडीने एकेक भाग हलकेच ठोकू लागली.

"हात मागे का? लाजता?"

"दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो."

"मग राहू दे मागेच," तो एकदम गंभीर होऊन म्हणाला.

रिलेशी काडी लागली, आणि टक! तिने वीज बंद केली, साठलेला करंट उतरवला, बोर्ड उलटा केला. रिलेच्या पायाशी कथलाचा राखाडी, निस्तेज गोळा. भोवती केसासारखी चीर.

"कोणी केलं हे गचाळ काम? सांधा कच्चा, ड्राय सोल्डर—"

"दादाने."

तिने जीभ चावली.

"काढावं लागेल?"

"असा सांधा ठेवत नाहीत हो... काढून नवा करतात."

तो उठला. "मग राहू दे. त्याच्या हातचं एवढंच उरलंय." त्याने झाकण ओढलं. तिने त्यावर हात ठेवला.

"थांबा. काढायचं नाही. त्याने घाईत नीट तापवलं नव्हतं, म्हणून कथलाने धरलं नाही. राळ लावून तेच पुन्हा वितळवू. नवं कणभरही घालायचं नाही." तिने कथील वितळवायची सळई तापत ठेवली. "आणि मी नाही करणार. तुम्ही करा."

त्याने सळई धरली, पण टोक भलतीकडेच जाऊ लागलं. तिने मनगट धरलं. राळेचा धूर उठला, गोळा विरघळला, चकाकला आणि पायाभोवती अलगद बसला.

यंत्र पुन्हा तापवलं. त्याने बटण दाबलं. टक... आणि ती गुरगुर खोलीभर पसरली. तो डोळे मिटून वाजवत राहिला, गालावरून ओघळणारं न पुसता. भिंतीपलीकडच्या घरातून बाबांचा आवाज आला, "झालं गं पोरी, बरोबर झालं!"

तो थांबला. गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"काही झालं की आधी दादाला सांगायचो मी. आज... कोणाला सांगू?"

"काय सांगायचं होतं?"

"की एक मुलगी भेटलीय. ओरडते फार, पण..."

"पण?"

"पण तिने मनगट सोडू नये असं वाटलं."

तिचे कान तापले. "मग... काय म्हणाला असता दादा?"

"म्हणाला असता, गाढवा, मला काय सांगतोस? तिला सांग."

"शहाणा होता हो तुमचा दादा," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "चला. दुसरं टोक मी धरते. आई वाट बघत असतील."