पाळकसाहेबांच्या खुर्चीत दुपारी कोण बसायचं

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. माझ्या धाकट्या जावेच्या शेवटच्या आठवड्यात हे घडलं, आणि त्यात माझी वागणूक चांगली नव्हती, हे आधीच सांगते. खोटं रचायचं असतं तर स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. जालन्यात, मस्तगडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. वेळ दुपारी अडीचची.

प्रियदर्शनीला, माझ्या या जावेला, पोटाचा कॅन्सर होता. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आणि ती घाबरत नव्हती.

मला तेच सहन होत नव्हतं. मी जन्मापासून ख्रिस्ती. तीस वर्षं चर्चमध्ये गाते, बायबलची वचनं तोंडपाठ. ही लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतलेली, गीताची दुसरी ओळ विसरणारी. मला साधी धाप लागली तरी मरणाच्या भीतीने हातपाय गार पडतात. आणि ही पडल्या पडल्या विचारायची, आज भाजी कशाची केली?

मी जळत होते. दुसरा शब्द नाही.

दर बुधवारी आमच्याकडे घरप्रार्थना असते. बायका सतरंजीवर बसतात, प्लॅस्टिकची एकच खुर्ची चर्चच्या पाळकसाहेबांसाठी. त्या बुधवारी ते गेल्यावर मी पलंगाजवळची खुर्ची उचलायला लागले.

"राहू द्या अक्का. दुपारी लागती."

"कुणाला?"

ती नुसती हसली.

गुरुवारी लाईट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम गप्प झालं. मी स्वयंपाकघरात होते.

कर्र...

भारी माणूस खुर्चीत टेकल्यावर होतो तो आवाज. मग प्रिया हळू बोलायला लागली. थांबायची, ऐकायची, पुन्हा बोलायची. मी दारात जाऊन पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

माझा दीर, प्रियाचा नवरा कल्याण, कामावर गेला होता. घरात आम्ही दोघीच. मला भीती वाटायला हवी होती. पण आधी मनात आलं ते हे... हिच्याकडेच का?

शुक्रवारी जेवणानंतर ती प्रार्थना करत होती. आमच्यात प्रार्थनेत कुणी डोळे उघडत नाही. मी उघडे ठेवले. खुर्ची उचलली आणि गच्चीवर नेऊन टाकली.

त्या दुपारी कर्र झालं नाही. मला बरं वाटलं.

पण प्रियाचं बोलणं काही थांबलं नव्हतं. फक्त आता ती मान वर करून बोलत होती...

रविवारी उपासनेहून आल्यावर मला राहवलं नाही. "कुणाशी बोलतेस गं?"

"नाव न्हाई विचारलं. मला तुमच्यासारखी वचनं येत न्हाईत अक्का. मी नुसतं म्हणलं, प्रभू, मला एकटीला सोडू नको. मंग हे यायला लागले. आले की भ्याव बिलकुल जातं."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

विचारताना माझा आवाज चिरकला.

"तुम्ही खुर्ची नेली तवापासून उभेच हायेत. मी म्हणलं, पलंगावर बसा. तर म्हणले, राहू दे. तुझ्या जावेला माझी लई गरज हाये. तुला पोचवून तिच्याकडं येतो."

"आत्ता कुठं आहेत?"

"तुमच्या मागं."

मी वळले नाही.

माझ्या कानामागे कुणीतरी श्वास सोडला... फार वेळ उभं राहून दमलेल्या माणसाचा.

सोमवारी सकाळी प्रिया गेली. कल्याणचा हात हातात होता, चेहरा शांत. दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, मरण यावं तर असं. मी तिथेही जळत उभी होते.

पाळकसाहेब म्हणतात, देवदूत असेल. कल्याण म्हणतो, औषधाचा अंमल. मला काही कळत नाही. एवढंच सांगते की त्या आठवड्यापासून रोज दुपारी माझ्या पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहतं. हात लावत नाही, घाई करत नाही.

प्रियाला मिळालं तेच मला हवं होतं. ते एका पावलावर आहे, नुसतं वळून बघायचं.

वर्ष झालं. मला अजून वळवत नाही.