माप कुणी घेतलं?

फॉर्मच्या अगदी तळाशी, जिथवर सहसा कुणाची नजर पोहोचत नाही, तिथे जाड अक्षरात एक ओळ होती: 'आपलं माप आपण घेऊ नका, हमखास चुकतं. कुणाला तरी बोलवा.'

ओळ वाचून तिला हसूच आलं. तिला मापं शिकवणार? दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या करणारी ती. साचा जरा तिरका आला की भल्याभल्या डॉक्टरांना फोनवर सुनवायची, की परत घ्या, मी अंदाजाने दात बसवत नाही. तिला मेली एक टेप धरता येणार नाही?

आणि बोलवायचं तरी कुणाला? या शहरात येऊन चार महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीत एकच कप. शेजारच्या बाईंशी ओळख होती, पण ती 'लिफ्ट आजही बंद का?' एवढीच. भाऊ दोन शहरं पलीकडे. रविवारी त्याचा फोन आला की ती 'मजेत आहे' म्हणायची, आणि त्याला ते खरं वाटायचं.

तिरंदाजी मात्र जुनी सोबतीण. वडिलांच्या आजारपणात तीन वर्षं सुटली होती, ती इथल्या क्लबात पुन्हा धरली. आजवर तिने ओढली ती सगळी दुसऱ्याची धनुष्यं, क्लबाची, मैत्रिणींची, कुणाच्या तरी हाताला घासून गुळगुळीत झालेली. आता क्लबच्या संघाची निवड दीड महिन्यावर आली होती. सहाजणी घेणार होते. त्या सहांत आपण असावं, आणि हातात आपलं स्वतःचं धनुष्य असावं, एवढीच तिची हौस. म्हणून तिने त्या दोन माणसांच्या छोट्याशा कारखान्याचा फॉर्म मागवला होता.

तर तिने टेपचं एक टोक चिकटपट्टीने भिंतीला डकवलं, पाठ भिंतीला लावून हात पसरले, दुसरं टोक मुठीत घट्ट धरलं आणि मान वळवून आकडा वाचला. पासष्ट. फॉर्मवरच्या हिशेबाने अडीचने भागायचं. म्हणजे सव्वीस इंच. तिचा हात दोरी इतकी मागे ओढणार. पुढे एक रकाना होता, 'माप कुणी घेतलं?' पेन क्षणभर हवेतच राहिलं. मग तिने लिहिलं... भाऊ.

धनुष्य आलं, आणि ते हातात घेताच ती खुळावली. मूठ तर अशी, की कुणी तिचा हात हातात घेऊन, त्यावरून बोट फिरवून लाकूड तासलं असावं. सोबत चिठ्ठी होती: 'आठ दिवस खुशाल ओढून पाहा. काही खटकलं तर दोष आधी मला द्या, स्वतःला नंतर. आणि फोन करा, पत्र नको. पत्रात माणूस उगाच सभ्य होतो.'

तिसऱ्याच बाणाला लाकूड करकरलं. पूर्ण ओढल्यावर, गालाशी, अगदी कानात. क्लबचे सर धावत आले आणि त्यांनी तिच्या हातून धनुष्य जवळजवळ हिसकावून घेतलं. अजून एकदा ओढलंस तर तोंडावर फुटेल, म्हणाले. निवडीला बारा दिवस राहिले होते.

खोलीवर जाऊन तिने तीन चांगली सणसणीत वाक्यं तयार केली आणि फोन लावला.

"दुकान बंद आहे, पण बोला," पलीकडून एका वयस्कर बाईंचा आवाज म्हणाला. तिने नाव सांगून धनुष्य करकरलं म्हणताच त्यांची आत मारलेली हाक ऐकू आली, "अरे, ती सव्वीसवाली!" मग धावत आल्यासारखी पावलं.

"तुम्हाला लागलं नाही ना?" धनुष्य करणाऱ्याने पहिलं हेच विचारलं. "आधी दोरी उतरवा. भांडण आपण नंतर करू."

तिची तिन्ही वाक्यं जागच्या जागी विरघळली. तिने दोरी उतरवली. तो थांबला होता. घाई नव्हती त्याला. मग त्याने हळूच विचारलं, माप कुणी घेतलं होतं.

"भावाने," ती म्हणाली. "फॉर्मवर लिहिलंय की."

"हो... लिहिलंय." "मग चूक माझ्याकडची. नवं करून देतो."

ती 'पण—' म्हणाली. तोवर तो विचारू लागला होता, की उभं राहताना तिचा कुठला पाय पुढे असतो.

मग रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येऊ लागला. रोज एकच प्रश्न. पहिल्या दिवशी कोपराचा. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा. पावणेसातपासून तिचं कशात लक्ष लागेना. एकदा तर लॅबमधून येताना तिने बस सोडून रिकामी टॅक्सी पकडली, आणि घरी येऊन स्वतःलाच बोल लावला की हे काय चाललंय.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "नेम धरताना श्वास रोखता का?"

"रोखते."

"किती वेळ?"

"तुमचा प्रश्न संपेपर्यंत."

तो हसला. त्याचं ते हसणं काहीतरी भलतंच होतं... भुशात पाय रुतावेत तसं मऊ.

"धनुष्य करायला हे सगळं लागतं?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण विचारलं की बरं वाटतं."

चौथ्या दिवशी साताचे सव्वासात झाले. शेवटी तिनेच फोन लावला. आत्याबाईंनी उचलला, त्याची आत्या, कारखान्यातलं दुसरं माणूस. त्यांना कुणाशी तरी बोलायचंच होतं. ऐका हो, त्या म्हणाल्या, पोरगं वेडं झालंय. निघायला तयार असलेली तीन धनुष्यं त्याने अडवून ठेवली आहेत, गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सांगितलंय की माझ्या मापातच दोष निघालाय. आणि त्याच्या वडिलांनी केलेली ती भिंतीवरची खाचांची फळी... धनुष्य तिच्यावर टांगून, दोरी एकेक खाच खाली ओढून, ते दोन्हीकडे सारखं वाकतंय का ते बघायचं, ती. ती फळीच वाकली असणार म्हणतो. उद्या कापून नवी करायला बसणार आहे.

"मी म्हटलं, अरे, त्या मुलीचंच चुकलं असेल. तर म्हणतो, तिने भावाचं नाव लिहिलंय. गिऱ्हाइकाच्या शब्दावर शंका घ्यायची नाही. म्हणून दोष बापाच्या फळीवर टाकतोय."

फोन ठेवल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. दोन अक्षरं लिहिली होती तिने. त्याला लाजेने म्हणा, सवयीने म्हणा. फॉर्मवर स्वच्छ छापलं होतं, माप गिऱ्हाइकाने चुकवलं तर धनुष्य बदलून मिळणार नाही. खरं सांगितलं की नवं धनुष्य गेलं, निवड गेली. आणि सातचा फोन गेला... यातलं शेवटचंच जास्त टोचतंय, हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

सकाळी पहिल्या बसने ती निघाली.

कारखाना एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे होता. दार उघडंच. आत मेणाचा आणि नुकत्याच तासलेल्या लाकडाचा वास, खिडकीतून उतरलेल्या उन्हात तरंगणारा भुसा, आणि त्या उन्हात पाठमोरा उभा तो. आवाजावरून तिला वाटला होता त्यापेक्षा सडपातळ. हातात करवत, समोर फळी. करवतीचे दात लाकडाला टेकले होते.

"थांबा," ती म्हणाली.

तो वळला. भुवयांवर भुसा. आवाज ओळखून त्याचा चेहरा उजळला, आणि तिला वाटलं, आता हा आपण विझवणार.

"फळी सरळ आहे. माप वाकडं होतं. भाऊ नव्हता तिथे... कुणीच नव्हतं. टेप भिंतीला चिकटवून मीच घेतलं. बोटांच्या टोकापर्यंत घ्यायचं असतं, मला माहीत होतं. पण बोटं सरळ केली की टेप सुटत होती, म्हणून मूठ मिटली, आणि आकडा कमी भरला. आणि रकान्यात 'कुणी नाही' असं लिहवेना."

करवत त्याने सावकाश खाली ठेवली. कोपऱ्यात दोरी वळत बसलेल्या आत्याबाई 'मी म्हटलं नव्हतं?' एवढं म्हणाल्या आणि पुन्हा दोरीकडे वळल्या.

त्याने फळीच्या खाचांतला भुसा बोटाने झाडला. तिने पर्सचा पट्टा खांद्यावर ओढला. जायला हवं होतं.

"चार दिवस तुमच्या भावाला मनातल्या मनात शिव्या घालतोय," तो शेवटी म्हणाला. "आता त्याची माफी कशी मागू?"

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. तो नजर चुकवून भुवया पुसत राहिला. मग त्याने हनुवटी वर करून दाखवली. खाली एक पांढरा व्रण होता. बाबा गेल्यावर त्याने स्वतःसाठी एक धनुष्य केलं होतं, माप स्वतःच घेऊन. आत्या तेव्हा गावाला होती. ते तोंडावर फुटलं. फॉर्मवरची ती जाड ओळ त्यानंतरची.

"ओळ लिहिली," तो म्हणाला, "पण ज्याला बोलवायला कुणी नाही त्याने काय करायचं, ते लिहायचं सुचलं नाही. तेव्हा अर्धी चूक माझीच. उभ्या राहा भिंतीशी."

आत्याबाई अचानक उठल्या. गुडघे आखडलेत म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

तिने हात पसरले. टेपचं एक टोक तिच्या डाव्या मधल्या बोटाशी धरून त्याने ते बोट अलगद सरळ केलं. "इथे धरा. आवळू नका... मी आहे." मग तो तिच्या समोरून, हातभर अंतर राखून, टेप उलगडत उजव्या बोटापर्यंत गेला. भुशाचा वास जवळ आला आणि लांब गेला. तिने श्वास रोखला होता.

"सत्तर. म्हणजे अठ्ठावीस इंच. सव्वीसचं धनुष्य दोन इंच जास्त ओढलं की करकरणारच."

"नक्की?"

"पुन्हा घेऊ?"

"...घ्या."

तिसऱ्यांदाही सत्तरच भरले, तेव्हा आतून आवाज आला, "अरे, माप घेताय की भिंत रंगवताय?"

अठ्ठावीसचं धनुष्य नव्या लाकडातून पहिल्यापासून करायचं, त्याला वीस दिवस लागणार होते. लाकडाला घाई करता येत नाही, तो म्हणाला. निवडीसाठी त्याने स्वतःचं काढून दिलं. ते तिच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ओढीचं होतं.

"अर्धा इंच मी सांभाळून घेईन," ती म्हणाली. दारात येईपर्यंत दोघंही उगाच लाल झाली होती.

निवडीत ती सातवी आली. राखीव. पाहायला आलेला तो कुंपणाशी उभा राहून सहावीकडे असा बघत होता, जणू तिच्याही भावाला आता शिव्या खाव्या लागणार. बसथांब्यापर्यंत दोघं चालत गेली, आणि दोन बस मुद्दाम सोडल्या.

विसाव्या दिवशी धनुष्य आलं. ओढलं, गालाशी आणलं. लाकूड गप्प. खोक्याच्या तळाशी तिचाच जुना फॉर्म होता. 'माप कुणी घेतलं?' पुढच्या 'भाऊ'वर एक रेघ, आणि खाली भुशाने माखलेल्या बोटांचं अक्षर: 'मी. आणि चालणार असेल, तर यापुढेही मीच.'

सात वाजायला अजून वेळ होता. तिने वाट पाहिली नाही. फोन लावला आणि म्हणाली, "चालेल."

आता त्या फॉर्मवर जाड अक्षरातल्या ओळीखाली आणखी एक ओळ असते: 'कुणी नसेल तर कळवा, आम्ही येऊ.' सायकलवर टेप घेऊन बहुतेक वेळा दोघंही जातात. खिडकीत आता दोन कप असतात.

पण सगळीच माणसं असं कळवत नाहीत हो. तुमच्याही ओळखीत असेल कुणीतरी. नव्या शहरात गेलेली बहीण, नवरा परगावी असलेली मैत्रीण, नाहीतर वरच्या मजल्यावरची ती, जिच्याशी तुमचं फक्त लिफ्टबद्दल बोलणं होतं. विचारलंत तर 'मजेत आहे' म्हणेल, आणि तुम्हाला ते खरं वाटेल. म्हणून फोन नको. आज जरा जिना चढून जाऊन या. काही न्यायला हवं असं नाही. टेपचं दुसरं टोक धरायला एक हात पुरतो.